फोन कुणाचा आणि घरी कधी?

माझ्या कपाटात एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर तारीख १० जुलै २०२० आणि खाली बावीस घरं. प्रत्येक घरापुढे रकाने आखलेत : फोन कुणाचा, साधा की टचचा, घरी कधी असतो, रेंज कुठे मिळते, चार्जिंग कुठे होतं. शेवटी आणखी एक रकाना आहे. तो पट्टीने आखलेला नाही, नंतर हाताने ओढलाय. त्याचं नाव 'शेजारी कोण बसेल'. कोरोनामुळे दीड वर्षाहून जास्त काळ शाळा बंद असताना आमच्या हातून जे काही शिकवून झालं ते या रकान्यामुळे झालं, असं माझं मत आहे. तो रकाना कसा आला ते सांगते.

रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पट ३१, शिक्षक दोन. मुलं गावठाणातून, वरच्या वाडीतून आणि आदिवासीवाडीतून येतात. पहिली-दुसरीची १४ मुलं माझ्याकडे, तिसरी-चौथीची १७ माझ्या सहकाऱ्याकडे. ते वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. मुलं त्यांना 'सर' म्हणतात आणि मला 'बाई'. तेव्हा माझ्या नोकरीला चोवीस वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक वर्षं मी पहिलीच्या वर्गावर काढली होती. मूल अक्षर वाचतंय की चित्र बघून अंदाज बांधतंय, हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं. ऑनलाइन म्हणजे नेमके ते डोळेच दिसणार नव्हते.

मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. त्यानंतर ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या डोंगरांवरून पुढे गेलं. शाळेचे पत्रे उडाले, वर्गातले तक्ते भिजून लगदा झाले, गावातली जुनी आंब्याची झाडं मुळासकट आडवी झाली, विजेचे खांब पडले. १५ जूनला राज्यात नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे शब्द रोज कानावर पडत होते. पण आमच्याकडे घरांवर अजून ताडपत्री होती आणि रात्री कंदील. फोन चार्ज करायला माणसं माणगावला जायची आणि दुकानातल्या जनरेटरवर पैसे देऊन चार्ज करून आणायची. आठवड्यातून एकदा चार्ज झालेल्या फोनवर पहिलीचा धडा पाठवायचा, हे मला पटत नव्हतं. जून आम्ही पुस्तकं घरोघर पोचवण्यात आणि शाळेवर पत्रे घालण्यात घालवला.

जुलैच्या सुरुवातीला वीज आली. सरांनी मोठ्या उमेदीने गूगल मीटवर वर्ग लावला, सगळ्या शाळेचा एकत्र. ३१ पैकी सात मुलं आली. अर्धा तास 'सर, दिसतंय का', 'आवाज येतोय का', 'आई, कोंबडी हाकल' यातच गेला. माझा पहिलीतला एक मुलगा पडद्यावर स्वतःचाच चेहरा बघत बसला होता, ते मी पाहिलं. वर्ग संपल्यावर सर गप्प होते. आदल्या रात्री जागून त्यांनी चित्रं गोळा केली होती. मी म्हटलं, "सर, आपण मुलांना बोलावलं, पण घरांना विचारलंच नाही. उद्या चला, विचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी मास्क लावून आम्ही निघालो. लावणीचे दिवस होते, घरात कुणीच नाही. मग बांधाबांधावरून फिरलो. माणसं गुडघाभर चिखलात, आम्ही छत्री घेऊन बांधावर, आणि वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. एका घरी फोन होता, पण तो वडिलांबरोबर विळे-भागाडच्या एमआयडीसीत जायचा आणि रात्री आठला घरी यायचा. एका घरी तो मोठ्या बहिणीचा होता. ती बारावीला, तिचेच वर्ग दिवसभर चालायचे. एका घरी दिवसाला दीड जीबीचा पॅक होता, पण काकाच्या गेममध्ये तो दुपारपर्यंत संपायचा. एका आईकडे फोन दिवसभर घरात असायचा, पण त्याचं कुलूप तिला उघडता येत नव्हतं. बोटाने काढायची ती नक्षी फक्त नवऱ्याला माहीत होती. ते सांगताना ती चिखलातली रोपं नीट करत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही. त्या संध्याकाळी मी तिच्या नवऱ्याला फोन केला. "भाऊ, तुमच्या मुलीची शाळा त्या फोनच्या आत आहे. दार वहिनींना उघडता आलं पाहिजे," एवढंच बोलले. दोन दिवसांनी त्या फोनवरून पहिला निरोप आला.

बावीस घरांत टचचे फोन निघाले तेरा. दिवसा घरात राहणारे फक्त पाच. म्हणजे सकाळी अकराचा वर्ग आम्ही पाच घरांसाठी भरवत होतो आणि बाकीच्या मुलांना गैरहजर म्हणत होतो.

मग वेळापत्रक वहीतून बनवलं. सकाळी सात, कारण कामावर जाण्याआधी फोन चहाबरोबर घरात असतो. दुपारी एक, त्या पाच घरांसाठी. आणि रात्री सव्वाआठ. साधा फोन असलेल्या घरांना कॉन्फरन्स कॉल, एका वेळी पाच घरं. रात्रीच्या कॉलवर मुलं जेवत जेवत बोलायची आणि मागे भांड्यांचा आवाज यायचा. सुरुवातीला मला तो आवाज खटकला. नंतर त्याचाच उपयोग झाला, कारण भांडी वाजतात म्हणजे आई जवळच आहे, तिच्याशीही बोलता येतं.

तांत्रिक गोष्टी मला सरांनी शिकवल्या. आवाजाचा निरोप कसा पाठवायचा, दीक्षा अ‍ॅपवर पुस्तकातला क्यूआर कोड कसा उघडायचा, फोटोवर खूण कशी करायची. त्यांच्याकडे ते ज्ञान होतं आणि त्यांनी ते न कंटाळता दिलं. माझ्याकडे दुसरं काही होतं. उदाहरणार्थ, वर्गात मी 'वही काढा, तारीख लिहा, पान अठरा उघडा' असं एका दमात सांगते, कारण जो मागे राहिला त्याच्याकडे मी बघत असते. निरोपात बघणं नाही. म्हणून मी सरांना म्हटलं, एका निरोपात एकच सूचना. सूचना दिली की मनात पाच आकडे मोजून थांबायचं, मग पुढचं वाक्य. आणि सुरुवातीला एका-दोघांचं नाव घ्यायचं. सहा वर्षांचं मूल स्वतःचं नाव कानावर पडलं की हातातलं सोडून थांबतं. रोज वेगळी नावं. ज्याचं नाव आलं नाही ते उद्याची वाट बघतं.

व्हिडिओ आम्ही जवळजवळ बंद केले. दोन मिनिटांचा आवाज एका काडीच्या रेंजवरही पोचतो आणि तो दहा वेळा ऐकता येतो.

आता त्या रकान्याकडे येते. जुलैच्या मध्याला वह्यांचे फोटो ग्रुपवर यायला लागले. पहिलीच्या मुलांची अक्षरं इतकी सुबक, की मी खूश होऊन प्रत्येकाला 'छान, शाबास' लिहीत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री चष्मा लावून एक फोटो मोठा करून बघितला आणि पोटात कालवलं. सहा वर्षांच्या मुलाचा काना कधी असा सरळ उतरत नाही. तो खाली येताना कलतो, रेघ ओलांडतो, मध्येच पेन्सिल थांबल्याचा ठिपका उमटतो. या वह्यांत एकही ठिपका नव्हता. नऊ वह्यांपैकी सहांत आईचं नाहीतर ताईचं अक्षर होतं.

मी त्यातल्या एका घरी गेले. रागवायचं नाही हे वाटेतच ठरवलं होतं. मुलीच्या आईने आधीच डोळ्यांत पाणी आणलं. "बाई, तिचं चुकलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं ना ग्रुपवर. लोक म्हणाले असते, हिला शिकवता येत नाही. मी चौथीच शिकलेय." त्यात तिचा काही दोष नव्हता. चूक माझी होती. पहिलीच्या मुलांच्या वह्या मी सगळ्या गावासमोर मागवत होते आणि वर कौतुकही वाटत होते. वर्गात मी कधीही एका मुलाची पाटी दुसऱ्याच्या आईला दाखवली नाही. फोन हातात आला आणि चोवीस वर्षांची ती सवय मी विसरले.

त्या दिवसापासून वह्या ग्रुपवर बंद. प्रत्येकाने माझ्या नंबरवर पाठवायच्या. आणि एक नियम मी सगळ्या घरांना स्वतः तोंडाने सांगितला, लिहून पाठवला नाही : खोडरबर वापरायचं नाही, हात धरून गिरवायचं नाही, चुकलेलं तसंच पाठवायचं. मला चुका हव्यात. मुलगा 'मका'चा 'माक' लिहितो तेव्हा त्याला काना ऐकू येतोय, पण कुठल्या अक्षरावर बसतो ते कळलेलं नाही, एवढं मला त्या एका चुकीतून समजतं. आईने ती पुसली की मी आंधळी झाले.

पण मग आईने करायचं काय? तिला आम्ही नुसतं 'हे करू नका' सांगितलं होतं. तेव्हा वहीत तो शेवटचा रकाना आला. शेजारी कोण बसेल, किती वेळ, आणि बसून नेमकं काय करेल. प्रत्येक घराशी बोलून तो भरला. कुठे आई, कुठे चौथीतली बहीण, एका घरी पोलिओने पाय अधू झालेले आजोबा. वरच्या वाडीतल्या एका मुलीच्या घरी होती फक्त आजी. आईवडील दोघं मजुरीला जायचे.

आजी म्हणाली, "बाई, मला काळं का पांढरं कळत नाय. मी काय शिकवू?"

मी म्हटलं, "आजी, शिकवायचं मी. तुम्ही फक्त विचारायचं."

तिला तीन प्रश्न दिले. बाई काय म्हणाल्या? बोट ठेवून दाखव बरं. हे अक्षर आणखी कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाने तर घर धुंडाळलं गेलं. नात तांदळाच्या गोणीवर, कॅलेंडरवर, देवाच्या तसबिरीखाली, विजेच्या बिलावर 'म' शोधत फिरायची आणि आजी मागे मागे. आजीला शेवटपर्यंत अक्षर वाचता आलं नाही, तिने तसा हट्टही धरला नाही. पण नात अडखळली की गप्प बसायचं आणि तिला वेळ द्यायचा, हे त्या बाईला जसं जमलं तसं शिकल्या-सवरल्या कितीतरी पालकांना जमत नाही. ज्याला उत्तर येतं त्याला ते सांगायची घाई होते. आजीला उत्तर माहीतच नव्हतं, म्हणून ती थांबायची.

दशक आणि सुटे आम्ही लावणीत शिकवले. रोपांच्या मुठी बांधावर ठेवलेल्या असतात. मी निरोपात सांगितलं, दहा मुठींचा एक ढीग करा, उरतील त्या सुट्या मोजा, आणि संध्याकाळी मला सांगा किती ढीग, किती सुट्या. त्या आठवड्यात वडीलमाणसांनी जितके फोन केले तितके कधी केले नव्हते. हे त्यांचं काम होतं आणि ते त्यांना माझ्याहून चांगलं येत होतं. एका वडिलांनी मला ठणकावून सांगितलं, "बाई, तीन ढीग न् चार सुट्या. चौतीस. तो म्हणतो त्रेचाळीस. तुम्ही सांगा त्याला." मी म्हटलं, "तुम्हीच त्याला परत ढीग मोजायला सांगा, आकडा सांगू नका." पलीकडे बराच वेळ शांतता, मग पोराचा आवाज, "चौतीस."

जुलैअखेर शासन निर्णय आला की पहिली-दुसरीसाठी दिवसाला तीस मिनिटांची दोनच सत्रं घ्यायची, आणि प्रत्येक सत्रातली पंधरा मिनिटं पालकांशी बोलण्याची. ते वाचून मला फार बरं वाटलं. निम्मा वेळ पालकांचा, हे आम्हाला चिखलात उभं राहून कळलं होतं. आता ते कागदावरही होतं.

या निर्णयाचा उपयोग आणखी एका घराला झाला. टाळेबंदीत मुंबईहून बरीच चाकरमानी कुटुंबं गावी आली होती. त्यातल्या एका बाईंचा मुलगा मुंबईतल्या एका इंग्रजी शाळेत दुसरीला. शाळेचा वर्ग सकाळी आठपासून चार तास. गावात रेंज फक्त देवळामागच्या कातळावर. मुलगा आणि आई पावसात छत्री धरून कातळावर बसायची, फोन प्लॅस्टिकमध्ये. तो माझ्या पटावरचा मुलगा नव्हता, पण रोज शाळेसमोरून ती दोघं कातळाकडे जाताना दिसायची, मग कसं गप्प राहणार? त्या माझ्याकडे आल्या तेव्हा म्हणाल्या, "कॅमेरा बंद केला की गैरहजेरी लावतात." मी त्यांना त्या निर्णयाचा कागद दिला आणि त्यांच्या शिक्षिकेला पाठवायचा मजकूर आम्ही दोघींनी मिळून लिहिला. तक्रार नाही, अडचण : आम्ही कुठे आहोत, रेंज किती, कुठल्या दोन तासिका नक्की करू आणि उरलेल्यांची टिपणं मिळतील का. पलीकडची शिक्षिकाही बहुधा चिंतेतच असणार, तिने लगेच होकार दिला. पालकांना बऱ्याचदा एवढंच हवं असतं की कुणीतरी शेजारी बसून पत्र लिहून द्यावं. तो मुलगा महिनाभर दुपारी माझ्या ओट्यावर मराठीही वाचायला आला. डिसेंबरात ते परत मुंबईला गेले आणि नंतर संपर्क राहिला नाही.

सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून 'टिलीमिली' ही शैक्षणिक मालिका लागली, पहिली ते आठवीसाठी. ज्या घरांत टीव्ही होता तिथे तिचा आधार झाला. तिच्यात मुलं घरातल्याच वस्तू घेऊन शिकायची, ते आमच्याशी जुळत होतं. फक्त वीज टिकली पाहिजे, एवढीच प्रार्थना.

वाचन कसं तपासायचं हा माझा सगळ्यात मोठा प्रश्न होता. मुलं धडा वाचून आवाज पाठवायची. खणखणीत, एका दमात. खूप खणखणीत. पहिलीचं मूल खरं वाचतं तेव्हा त्याच्या आवाजात खाचखळगे असतात. जोडाक्षराशी तो थांबतो, आधी ओठांत पुटपुटतो, मग म्हणतो. ही मुलं पाठ म्हणत होती. मी एक जुनी युक्ती काढली. आवाजाच्या निरोपात सांगायची, "आज शेवटच्या ओळीपासून वर वाच." दुसऱ्या दिवशी, "प्रत्येक ओळीतला शेवटचा शब्दच वाच." पाठ केलेलं उलटं म्हणता येत नाही. चौदांपैकी पाच मुलं लगेच उघडी पडली, आणि मला त्या पाचांसाठी वेगळे शब्द तयार करता आले : 'काम, नाक, मामा, कान', तेच चार-पाच आवाज फिरवून. फोनवरही कान तयार होतो. मागे कुजबुजून शब्द सांगणारी आईसुद्धा मला ऐकू यायला लागली. मग मी तिचं नाव घेऊन म्हणायची, "वहिनी, आज तुम्ही पाणी भरून या, तोवर तो वाचेल."

एक मुलगा मात्र बोलेचना. मार्चपर्यंत तो पहिलीत सगळ्यात बडबडा होता. निरोप ऐकायचा, निळी खूण यायची, उत्तर नाही. त्याच्या आईला वाटलं त्याला कंटाळा येतोय. मला ते पटलं नाही. कंटाळलेलं मूल काहीतरी खोडी काढतं, असं पूर्ण गप्प होत नाही. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि आम्हा शिक्षकांना घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजायला जावं लागलं. मी त्याच्या ओटीवर बसले आणि यंत्र त्याच्याच बोटाला लावलं. आकडा वाचायला सांगितला. त्याने ९८ बरोबर वाचलं. मग हळूच म्हणाला, "बाई, बाबा परत कामावर कधी जाणार?" वडिलांचं काम एप्रिलमध्ये सुटलं होतं आणि घरात रोज भांडणं होत होती. आवाज पाठवायचा म्हणजे घरातला आवाज बाईंना जाणार, म्हणून तो पाठवत नव्हता. त्यानंतर त्याचा अभ्यास मी कागदावर ठेवला. शाळेच्या खिडकीत पाकीट असायचं, तो येऊन न्यायचा आणि आणून ठेवायचा. आमची जी मुलं ऑनलाइन 'निष्क्रिय' म्हणून मोजली गेली त्यांच्यात हाही होता.

मोजणीवरून सांगायलाच हवं. रोज संध्याकाळी वेगवेगळ्या लिंका यायच्या, किती विद्यार्थी सहभागी, किती फोन, किती मिनिटं. सर रात्री बसून त्या भरायचे. त्या वेळात चार घरांना फोन झाले असते, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

आता आदिवासीवाडी. चार घरं, सहा मुलं, सगळी कातकरी. टचचा फोन एकही नाही, साधे दोन, आणि रेंज पाण्याच्या टाकीपाशी. त्यांच्यासाठी ऑनलाइन हा शब्दच खोटा होता, म्हणून बुधवारी आणि शनिवारी मी चालत जायची. शब्दांची कार्डं, आठवड्याचा कागद आणि खडू. एका घराच्या कुडाच्या भिंतीवर आम्ही काळा रंग देऊन फळा केला. पोषण आहाराचा कोरडा तांदूळ आणि डाळ न्यायला पालक यायचे तोही दिवस आम्ही अभ्यासाचा केला : धान्य घ्या, वही द्या, आणि दोन मिनिटं बसा. उरलेल्या दिवशी कॉन्फरन्स कॉल टाकीपाशी.

पण दिवाळीनंतर ही घरं वीटभट्टीवर जातात. दरवर्षीचंच आहे. एरवी जाताना आम्ही मुलांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत त्यांना बसता येतं. त्या वर्षी तिथल्या प्राथमिक शाळाही बंदच होत्या. जाण्याच्या आदल्या दिवशी पहिलीतल्या एका मुलीच्या घरी मी वही घेऊन गेले. 'फोन कुणाचा' या रकान्यात वडिलांनी मुकादमाचा नंबर दिला. 'शेजारी कोण बसेल' तिथे मी थांबले. आईवडील पहाटे तीनला उठून चिखल कालवणार, विटा पाडणार. मुलगी म्हणाली, "माझा भाऊ हाय ना." भाऊ आठ वर्षांचा, दुसरीत, माझाच विद्यार्थी. मी त्याचं नाव लिहिलं.

रविवारी दुपारी मुकादम फोन द्यायचा. कधी द्यायचा नाही. दोन महिन्यांत मला पाच वेळा बोलता आलं. तिसऱ्या वेळी मी तिला आजीला दिलेला तोच प्रश्न विचारला, तिथे अक्षरं कुठे दिसतात? ती जराही न थांबता म्हणाली, "विटंवर." साच्यात कोरलेलं नाव प्रत्येक विटेवर उमटतं. दिवसाकाठी हजार विटा आणि प्रत्येकीवर दोन अक्षरं. "वाच," मी म्हटलं. ती 'स' म्हणाली, मग भावाचा आवाज आला, "काना बघ, काना," आणि मग ती म्हणाली, "साई."

डिसेंबरच्या सुरुवातीला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. पुस्तकांतल्या क्यूआर कोडची वाट त्यांनी दाखवली होती. आमच्या ग्रुपवर पालकांनीच ती बातमी टाकली, 'आपल्यासारख्याच शाळेतले गुरुजी' असं लिहून. सर दोन दिवस आनंदात होते. मलाही आनंद झाला. आणि त्याच आठवड्यात मी त्या कोडचं उलटं काम करत होते, भट्टीवर कोड उघडायला काही नसलेल्या मुलीसाठी विटेवरच्या नावातून पुढचे शब्द काढत होते : साई, साखर, सारा, खारा. ही दोन्ही कामं एकाच नोकरीत बसतात.

२०२१ चा जानेवारी आला, पाचवी ते आठवीच्या शाळा उघडल्या, आमची नाही. मग दुसरी लाट. जुलैपासून मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढणारा पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तोही आम्ही वहीच्या हिशोबानेच केला. तोवर सव्वाआठचा कॉल घराघरांत इतका रुजला होता की मी एखाद्या दिवशी थांबले तर पालकच फोन करायचे. चौदांपैकी अकरा मुलं त्या वेळी माझ्या मते वाचायला लागली होती, दोघं अडखळत. एक मुलगा, आदिवासीवाडीतला, पहिल्या हिवाळ्यातच गाव सोडून गेला होता. ते कुटुंब कर्नाटकात कोळशाच्या कामाला गेल्याचं कळलं. दिलेला नंबर लागला नाही. त्याची ओळ वहीत आहे, रकाने कोरे.

१ डिसेंबर २०२१ ला आमची पहिली ते चौथी उघडली. माझ्या दुसरीच्या मुलांनी शाळेत आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलं. त्यांना रांग माहीत नव्हती, प्रार्थना माहीत नव्हती, डबा कधी उघडायचा माहीत नव्हतं. मला मात्र आवाजावरून त्यांनी लगेच ओळखलं. वरच्या वाडीतली आजी नातीला घेऊन आली होती. नात आत गेली तरी ती दाराशी उभीच. मी म्हटलं, "आजी, आता जा घरी." ती म्हणाली, "जाते. पण ती अडली तर जरा थांबत जा, लगेच सांगू नका."

विटेवरचं 'साई' वाचणारी त्या दिवशी वर्गात नव्हती. घर पुन्हा भट्टीवर गेलं होतं, आता दुसऱ्या तालुक्यात. तिच्या ओळीतला 'फोन कुणाचा' हा रकाना चार वेळा खोडून लिहिलाय. शेवटचा नंबर विटा वाहणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरचा. रविवारी तो भट्टीवर असतो, दुपारी अडीचच्या सुमाराला. त्या रविवारी मी अडीचला फोन लावला. त्यानेच उचलला, म्हणाला, "थांबा बाई, पोरं वाटच बघतायत," आणि मग दूरवर कुणीतरी धावत आल्याचा आवाज आला.